मांजराच्या हृदयाची रक्तपरीक्षा

मांजर जेवते, खेळते, कपाटावर उडी घेते; मग त्याच्या हृदयाची परीक्षा कशासाठी, अशी पृच्छा वाचक वरचेवर करतात. तिचे उत्तर असे की, ज्या विकारात हृदयाच्या डाव्या जवनिकेची भिंत जाड होत जाते, तो हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी नामक विकार शंभरांपैकी सुमारे पंधरा मांजरांत आढळत असूनही वर्षानुवर्षे बाह्य लक्षण न दाखविता राहू शकतो. स्टेथोस्कोपनेही त्याची खात्रीलायक वर्दी मिळत नाही, कारण कित्येक रोगी हृदयांत मर्मरध्वनी नसतो आणि कित्येक निरोगी हृदयांत तो ऐकू येतो.

हृदयाच्या स्नायूवर ताण पडला म्हणजे रक्तात वाढणारा एनटी-प्रोबीएनपी हा पदार्थ आता मोजता येतो. त्याचे प्रमाण दर लिटरला १०० पिकोमोलांहून कमी भरल्यास बळावलेल्या विकाराचा संभव थोडा, आणि अधिक भरल्यास पुढील तपासणी अगत्याची, असा सामान्य दंडक आहे. मात्र हा अहवाल म्हणजे समन्स होय, निकालपत्र नव्हे : मूत्रपिंडाचा विकार, वाढलेला रक्तदाब किंवा थायरॉइडचा अतिरेक यांनीही हा आकडा चढतो, आणि विकार सौम्य असताना तो पुष्कळदा चढतच नाही. अखेरचा निर्णय हृदयाच्या सोनोग्राफीनेच करावयाचा असतो.

यास्तव सरसकट प्रत्येक मांजराचे रक्त काढण्यापेक्षा, ज्याच्या हृदयात मर्मर वा अनियमित ठोका आढळला आहे, जे मेन कून, रॅगडॉल किंवा आपल्या शहरांतून हौसेने पाळले जाणारे पर्शियन आहे, अथवा ज्याला शस्त्रक्रियेसाठी भूल द्यावयाची आहे, अशा मांजराविषयी आपल्या पशुवैद्यांपाशी या परीक्षेची गोष्ट अवश्य काढावी.

घरी एवढे करावे : मांजर गाढ झोपले असता त्याच्या कुशीकडे पाहावे, कूस एकदा वर येऊन खाली गेली की एक श्वास धरावा, आणि मिनिटाला ३० हून अधिक श्वास वारंवार भरू लागल्यास दवाखाना गाठावा. तोंड उघडून धाप लागणे, किंवा मागील पाय एकाएकी लुळे व थंड पडून मांजराने वेदनेने ओरडणे, हा गुठळीचा वा हृदय थकल्याचा इशारा असू शकतो. तेव्हा क्षणाचीही हयगय नको. अशा वेळी दुःख कमी व्हावे म्हणून माणसांच्या औषधांतली गोळी आपल्या अखत्यारीत कदापि देऊ नये. पॅरासिटामॉल हे मांजरास प्राणघातक विष आहे.