मतदाराची ओळख आणि मतदाराचा हक्क
(सुरतेतील खानदेशी कामगारांच्या निमित्ताने एक अभ्यास)

लोकशाही राज्यपद्धतीत मतदार हा राज्याचा मूळ आधार होय. परंतु मतदार कोण, तो कोठला, आणि मतदान केंद्रावर उभा असलेला मनुष्य तोच आहे काय, हे ठरविल्यावाचून मतदान होऊ शकत नाही. ओळख विचारलीच नाही, तर तोतया मतदान करून जातो. ओळख अवाजवी काटेकोरपणे विचारली, तर खरा मतदार दारातून परत फिरतो. या दोन दोषांमधून वाट काढणे हाच निवडणूक कायद्यातील एक कठीण भाग आहे. मतदाराने आपली ओळख कोणत्या पुराव्याने पटवावी आणि तो पुरावा मागणे कितपत न्याय्य आहे, यासंबंधी आपल्या देशात व परदेशांतही वाद चालत आला आहे. या वादाचे स्वरूप समजून घेण्यास सुरत शहराइतके बोलके उदाहरण आपल्याला जवळपास सापडणार नाही.

सुरत आणि खानदेश

जळगाव, अमळनेर, नंदुरबार, नवापूर असा तापीच्या खोऱ्यातून जाणारा लोहमार्ग उधना येथे सुरतेस मिळतो. या मार्गाने गेल्या काही पिढ्यांत जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील असंख्य कुटुंबे यंत्रमाग, साड्यांची छपाई-रंगाई व कापडबाजारातील हमाली यांवर उपजीविका करण्यास सुरतेत गेली. लिंबायत, उधना, पांडेसरा, डिंडोली या भागांत अहिराणी व मराठी सर्रास ऐकू येते. सुरत महानगरपालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळाही आहेत. यांखेरीज दुसरा एक वर्ग आहे. दिवाळीनंतर नंदुरबार व धुळे जिल्ह्यांतील आदिवासी कुटुंबे दक्षिण गुजरातमधील साखर कारखान्यांच्या ऊसतोडीस जातात आणि हंगाम संपला म्हणजे गावी परततात.

हे दोन्ही वर्ग पोटासाठी घर सोडून गेलेले आहेत. पण कायद्याच्या दृष्टीने त्यांची स्थिती एक नाही.

तीन वेगळे प्रश्न

ओळखीच्या वादात तीन प्रश्नांची नेहमी सरमिसळ होते. ते वेगळे करून पाहणे अगत्याचे आहे.

पहिला प्रश्न हक्काचा. संविधानाच्या अनुच्छेद ३२६ प्रमाणे भारताच्या प्रत्येक प्रौढ नागरिकास, तो कायद्याने अपात्र ठरला नसल्यास, मतदार म्हणून नोंदले जाण्याचा हक्क आहे. ६१ व्या घटनादुरुस्तीने १९८९ पासून ही वयोमर्यादा २१ वरून १८ वर आली. धर्म, वंश, जात वा लिंग या कारणांवरून कोणास यादीबाहेर ठेवता येत नाही, असे अनुच्छेद ३२५ सांगतो.

दुसरा प्रश्न ठिकाणाचा. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० प्रमाणे मनुष्य जेथील 'सर्वसाधारण रहिवासी' असेल तेथेच त्याचे नाव नोंदले जाते, आणि एकाहून अधिक ठिकाणी नोंदविता येत नाही. याच अधिनियमाच्या कलम २० मध्ये दोन नियम आहेत. केवळ घर मालकीचे आहे एवढ्याने कोणी त्या गावचा रहिवासी ठरत नाही. तसेच तात्पुरता बाहेर गेला एवढ्याने कोणाचे गावचे रहिवासीपण संपत नाही. म्हणजे वीस वर्षे लिंबायतमध्ये बिऱ्हाड करून राहिलेल्या कामगाराचे नाव सुरतेच्या यादीत असले पाहिजे, मग शिरपूर तालुक्यात त्याचे वडिलोपार्जित घर असो वा नसो. उलट, सहा महिने बारडोलीच्या फडात राहणारा ऊसतोड मजूर आपल्या गावचाच मतदार राहतो. तो घरी सापडला नाही म्हणून त्याचे नाव वगळणे कायद्याला धरून नाही.

तिसरा प्रश्न ओळखीचा. यादीत ज्याचे नाव आहे तोच मनुष्य समोर उभा आहे काय, एवढेच मतदान केंद्रावर पाहावयाचे असते. तो नागरिक आहे की नाही, येथला आहे की नाही, हे प्रश्न यादी तयार होताना सुटलेले असतात. मतदानाच्या रांगेत ते पुन्हा उकरून काढावयाचे नसतात.

ओळखपत्र कसे आले

१९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सुमारे १७ कोटी ३२ लाख मतदार होते. त्या वेळी छायाचित्राचे ओळखपत्र नव्हते. गावातील माणसे व उमेदवारांचे प्रतिनिधी मतदारास ओळखीत. ओळखीचा पेच मात्र तेव्हाही पडला. मुख्यतः उत्तर व मध्य भारतातील अनेक स्त्रियांनी स्वतःचे नाव न सांगता 'अमक्याची पत्नी', 'तमक्याची आई' अशी नोंद करविली होती. अशी सुमारे २८ लाख नावे अखेर यादीतून वगळावी लागली. नियम सर्वांना सारखा होता, पण त्याचा भार मात्र एकाच वर्गावर पडला. ओळखीच्या वादातील ही पहिली शिकवण होय.

१९६२ च्या निवडणुकीपासून म्हैसूरच्या कारखान्यात तयार होणारी न पुसणारी शाई वापरात आली. मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन यांच्या कारकिर्दीत, १९९३ मध्ये, छायाचित्र असलेल्या मतदार ओळखपत्राची योजना सुरू झाली. त्याबरोबरच, ओळखपत्र नसल्यास इतर दस्तऐवज चालतील ही तरतूदही रूढ झाली. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत आधारपत्र, रोजगार हमीचे जॉबकार्ड, छायाचित्र असलेले बँकेचे वा टपाल कार्यालयाचे पासबुक, वाहन परवाना, पॅन कार्ड, पारपत्र इत्यादी बारा पर्यायी दस्तऐवज ग्राह्य होते. नावाच्या लेखनातील किरकोळ चूक दुर्लक्षावी, असाही निवडणूक आयोगाचा आदेश होता. मतदार चिठ्ठी मात्र २०१९ पासून केवळ माहितीपुरती मानली जाते. ती एकटी ओळखीचा पुरावा होत नाही.

दोन्ही बाजूंचे म्हणणे

काटेकोर ओळख हवी असे म्हणणाऱ्यांची बाजू दुर्बळ नाही. २०२४ मध्ये लिंबायत व उधना हे विधानसभा मतदारसंघ ज्यात मोडतात त्या नवसारी लोकसभा मतदारसंघात ७ मे रोजी मतदान झाले, नंदुरबार व जळगावात १३ मे रोजी, आणि धुळ्यात २० मे रोजी. एकाच माणसाचे नाव गावच्या व शहराच्या अशा दोन्ही याद्यांत राहिले, तर दोनदा मतदान करण्याचा मोह कोणासही घालता येईल. असे करणे गुन्हा आहे; पण गुन्हा घडण्याची वाट मोकळी ठेवणे शहाणपणाचे नव्हे. शिवाय मृत वा गाव सोडून गेलेल्या व्यक्तींची नावे यादीत राहिली म्हणजे तोतयाला आयतीच संधी मिळते.

दुसरी बाजूही तितकीच वजनदार आहे. ज्याच्याजवळ पक्के घर, भाडेकरार, वीजबिल व शाळेचा दाखला आहे त्याला पुरावा देणे हे घटकाभराचे काम. ज्याने दर अकरा महिन्यांनी खोली बदलली त्याला तो कित्येक दिवसांची मजुरी बुडविणारा खटाटोप होतो. ऑगस्ट २००६ मध्ये तापीच्या महापुराने सुरतेचा मोठा भाग पाण्याखाली गेला. अशा प्रसंगी झोपडीतील पत्र्याच्या पेटीचे काय होते, हे सांगणे नलगे. नावांचाही घोटाळा होतो. गावच्या दाखल्यावर 'सुनंदाबाई', सुरतेच्या शिधापत्रिकेवर 'सुनंदाबेन', आणि माहेरच्या कागदावर वडिलांचे आडनाव. बाई एकच, पण कागदांप्रमाणे तीन. अशा बाईला आपण तोतया नाही हे पटविण्यास जे श्रम पडतात ते कोणत्याही नियमात लिहिलेले नसतात.

परदेशांतील अनुभवही पाहण्यासारखा आहे. इंग्लंडमध्ये २०२२ च्या कायद्याने मतदान केंद्रावर छायाचित्राचा पुरावा आवश्यक झाला. मे २०२३ च्या स्थानिक निवडणुकांत सुमारे १४,००० मतदार पुराव्याअभावी परत गेले व पुन्हा आले नाहीत, असे तेथील निवडणूक आयोगाने नमूद केले. अमेरिकेत इंडियाना राज्याचा असाच कायदा तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये वैध ठरविला. तरी त्याच्या न्याय्यतेविषयीचा वाद शमला नाही. कायदा वैध असणे व तो न्यायाने राबविला जाणे, या दोन गोष्टी भिन्न आहेत.

गुजरातमधील सखोल पुनरीक्षण

मतदार यादीच्या विशेष सखोल पुनरीक्षणामुळे हा वाद अलीकडे पुन्हा पुढे आला. बिहारमध्ये जून २०२५ मध्ये हे काम सुरू झाले, आणि १ ऑगस्टच्या प्रारूप यादीतून सुमारे ६५ लाख नावे गळली. वगळलेली नावे कारणांसह प्रसिद्ध करावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने १४ ऑगस्ट २०२५ रोजी सांगितले. पुढे ८ सप्टेंबर रोजी आधारपत्र हे ओळखीचा पुरावा म्हणून स्वीकारावे, असाही आदेश झाला. अर्थात आधारपत्र हा नागरिकत्वाचा पुरावा नव्हे.

त्यानंतरच्या टप्प्यात गुजरातचा समावेश होता. प्रत्येक मतदाराने गणनापत्र भरून आपले किंवा आईवडिलांचे नाव मागील सखोल पुनरीक्षणाच्या यादीत दाखवावयाचे होते. ती यादी दुसऱ्या राज्याची असली तरी चालत होती. सुरतेतील खानदेशी कुटुंबांच्या दृष्टीने ही सवलत मोलाची होती. पण तिचा लाभ घेण्यास गावची जुनी यादी शोधणे, तीतील भाग क्रमांक व अनुक्रमांक मिळविणे आवश्यक होते. आणि हे काम गावातील शिक्षक, तलाठी वा ग्रामसेवक यांच्या साहाय्यावाचून अनेकांना साधणारे नव्हते. १९ डिसेंबर २०२५ रोजी प्रसिद्ध झालेल्या प्रारूप यादीत पूर्वीच्या सुमारे ५ कोटी ८ लाखांऐवजी ४ कोटी ३४ लाख नावे होती. गळलेल्या सुमारे ७३ लाखांपैकी ४० लाखांहून अधिक 'कायमचे स्थलांतरित' म्हणून नोंदले गेले. मृत्यूमुळे गळलेल्यांपेक्षा ही संख्या दुपटीहून जास्त आहे.

प्रारूप यादी ही अंतिम यादी नव्हे. दावे व हरकती यांसाठी मुदत असतेच. स्थलांतरिताचे नाव जुन्या पत्त्यावरून निघणे हेही योग्यच. प्रश्न उरतो तो एवढाच, की जुन्या जागेवरून निघालेले नाव नव्या जागी चढले काय? ते चढले नाही, तर तो मनुष्य नागरिक असून, प्रौढ असून, कोठलाच मतदार राहत नाही. दोन ठिकाणी नाव असणे हा दोष आहे, हे सर्वांना दिसते. एकाही ठिकाणी नाव नसणे हा त्याहून गंभीर दोष असूनही तो सहसा कोणाच्या नजरेस येत नाही, कारण दोनदा मतदान करणारा पकडला जातो, पण मतदानच न करू शकलेला मुकाट्याने कामावर परत जातो.

न्यायाची कसोटी

तेव्हा ओळख विचारणे हे अन्याय्य नाही. ओळख विचारणाऱ्याने आपली जबाबदारी न उचलता सर्व भार ओळख देणाऱ्यावर टाकणे, हे मात्र अन्याय्य आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये लालबाबू हुसेन प्रकरणात हेच तत्त्व सांगितले. दिल्ली व मुंबई येथील मतदारांच्या नावांविषयी संशय घेण्यात आला होता. ज्याचे नाव आधीपासून यादीत आहे त्याचे नाव काढण्यापूर्वी संशयाचे कारण त्याला कळविले पाहिजे व म्हणणे मांडण्याची पुरेशी संधी दिली पाहिजे, असा निर्णय झाला. सूचना, कारण, मुदत आणि पर्यायी पुरावा या चार गोष्टी असतील तर तीच तपासणी न्याय्य ठरते. नसतील तर तीच जाचक होते.

व्यवहारात काय करावे

१. बिऱ्हाड कायमचे हलविले असल्यास नमुना ८ भरून नाव नव्या पत्त्यावर न्यावे. नाव कोठेच नसल्यास नमुना ६ भरावा. दोन ठिकाणी नाव असल्यास एक आपण होऊन कमी करवावे. खोटे निवेदन करणे हा शिक्षापात्र अपराध आहे.

२. हंगामी कामास जाणाऱ्यांनी जाण्यापूर्वी मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्यास कळवून ठेवावे. अधिकाऱ्यानेही घरास कुलूप दिसले एवढ्यावरून 'स्थलांतरित' अशी नोंद करू नये. शेजाऱ्यांकडे व ग्रामपंचायतीत चौकशी करावी.

३. मतदार नोंदणी अधिकाऱ्याचा निर्णय मान्य नसल्यास पंधरा दिवसांत जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे व त्यानंतर तीस दिवसांत मुख्य निवडणूक अधिकाऱ्याकडे अपील करता येते.

४. आपल्या नावावर कोणी आधीच मतदान केले असल्यास परत फिरू नये. केंद्राध्यक्षाच्या प्रश्नांची समाधानकारक उत्तरे दिल्यास 'प्रदत्त मतपत्रिका' मिळण्याचा हक्क आहे.

५. मतदानाच्या दिवशी कामगारास भरपगारी सुटी देणे कायद्याने मालकावर बंधनकारक आहे.

शिक्षकांनी हा विषय वर्गात व ग्रामसभेत मांडताना पुढील प्रश्न चर्चेस घ्यावेत : आपल्या गावातून बाहेर गेलेल्यांपैकी तात्पुरते गेलेले कोण व कायमचे गेलेले कोण? त्यांची नावे आज कोणत्या यादीत आहेत? ज्यांची नावे कोठेच नाहीत अशी माणसे आपल्या ओळखीत किती? यांतील तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ज्या गावात 'एकही नाही' असे देता येईल, त्या गावाची मतदार यादी शुद्ध झाली असे म्हणावयास हरकत नाही.