ऊर्जेचा प्रश्न आणि गावाशी संवाद

(बी. ए. द्वितीय वर्ष)

‘ऊर्जा’ हा शब्द आपण शाळेत विज्ञानाच्या पुस्तकात शिकतो. गावात मात्र तो फारसा कोणी उच्चारीत नाही. तेथे ‘लाईन’ असते, ‘सरपण’ असते, ‘डिझेल’ असते. शेतकरी म्हणतो, “आज लाईन रात्रीची आहे.” बायका म्हणतात, “पऱ्हाट्या भिजल्या, आता चूल पेटायची नाही.” हा ऊर्जेचाच प्रश्न होय. परंतु त्यावर भाषण देणारे आणि तो रोज सोसणारे यांची भाषा एक नसते. ही दोन माणसे एकमेकांशी कशी बोलतील, याचा थोडा विचार या लेखात करावयाचा आहे.

प्रथम पार्श्वभूमी पाहू. कोळसा, डिझेल, पेट्रोल जाळल्याने कार्बन डाय-ऑक्साइड वायू हवेत साठतो आणि पृथ्वीचे तापमान वाढते. २०१५ साली पॅरिस येथे जगातील राष्ट्रांनी हे प्रमाण आवरण्याचा करार केला. २०२१ साली ग्लासगो येथे भारताने २०७० पर्यंत निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचे जाहीर केले. हे सारे दूरचे वाटते; पण आपल्या मराठवाड्याला त्याचा धडा घरबसल्या मिळाला आहे. २०१५ च्या दुष्काळात परळीचे औष्णिक वीज केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले. कोळशाची वीजसुद्धा पाण्यावाचून तयार होत नाही, हे त्या वर्षी कळले.

दुसरी ऊर्जा शोधावी, हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. १८९७ साली मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात मैल्यापासून गॅस तयार करून त्यावर दिवे लावले गेले होते. पुढे १९५१ साली जशभाई पटेल यांनी ‘ग्रामलक्ष्मी’ नावाचे गोबरगॅस संयंत्र तयार केले. साठच्या दशकात खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने त्याचा प्रसार हाती घेतला आणि १९८१-८२ पासून देशव्यापी बायोगॅस योजना सुरू झाली. हिशेब सोपा होता. चार-पाच जनावरांचे मिळून रोज पन्नास किलोच्या आसपास शेण असले की दोन घनमीटरच्या संयंत्रावर एका कुटुंबाचा स्वयंपाक होतो, आणि उरलेली मळी शेताला खत म्हणून जाते.

असे असूनही गावोगावी गंजलेल्या टाक्या आणि बुजलेले खड्डे का दिसतात? ट्रॅक्टर आले आणि दावणीची जनावरे कमी झाली. थंडीत जंतूंचे काम मंदावते व गॅस कमी पडतो, हे अनेकांना आधी सांगितलेच गेले नव्हते. लोखंडी टाकी गंजली तेव्हा ती दुरुस्त करणारा माणूस गावात नव्हता. शेण कालवण्याचे काम बाईचे, पण संयंत्र बांधायचे की नाही हे ठरवताना तिला कोणी विचारले नाही. यंत्र बसवणारा एकदा आला, बोलला आणि गेला.

याच्या उलट उदाहरण पुणे जिल्ह्यातील देहूचे आहे. १९५९ साली डॉ. सुहास मापुसकर देहूच्या आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी म्हणून आले. घरोघरी संडास व्हावेत ही त्यांची खटपट होती. सुरुवातीला बांधलेले संडास टिकले नाहीत. दुसऱ्या कोणी असता तर ‘लोकच अडाणी’ म्हणून बदली मागितली असती. ते तेथेच राहिले, बांधकामातील दोष शोधला आणि वर्षानुवर्षे लोकांशी बोलत राहिले. पुढे त्यांनी संडासाला जोडलेले बायोगॅस संयंत्रही विकसित केले. अशा गॅसवर भाकरी भाजायला मन सहजासहजी तयार होत नाही, हे कोणालाही समजेल. २०१५ साली ते वारले व २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली. लोकांचे मन वळविण्यास एक सभा पुरत नाही. राहणारा माणूस लागतो, असे या उदाहरणावरून म्हणावेसे वाटते.

आता आपल्या हिंगोली जिल्ह्याकडे वळू. येथे सध्या सर्वांच्या तोंडी सौर कृषी पंप आहे. २०२४ साली सुरू झालेल्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकऱ्याने किमतीच्या दहा टक्के, व अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने पाच टक्के भरावयाचे असतात. अडीच एकरांपर्यंत तीन, पाच एकरांपर्यंत पाच आणि त्यापुढे साडेसात अश्वशक्तीचा पंप मिळतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. म्हणून वडिलांसाठीच नव्हे, तर गल्लीतल्या चार घरांसाठी हा नियम वाचून सांगण्याचे काम माझ्याकडे आले.

मी आधी शास्त्र सांगितले. पाच अश्वशक्तीची मोटार सहा तास चालली तर सुमारे बावीस युनिट वीज लागते. ती वीज कोळशाची असेल तर साधारण तितकेच किलो कार्बन डाय-ऑक्साइड हवेत जाते. सर्वांनी माना डोलावल्या व तंबाखू मळायला घेतली. मग एक मामा म्हणाले, “पोरी, आभाळ आल्यावर ही मोटार चालंल का? अन् प्लेटा चोरीला गेल्या तर?” दुसऱ्यांनी विचारले, “रात्री पाणी द्यायला जायचं बंद होईल का, तेवढं सांग.” तेथून खरे बोलणे सुरू झाले. थंडीच्या रात्री गव्हाला पाणी देणाऱ्याला विंचू-सापाची भीती असते. तो घरी परत येईपर्यंत आई जागी असते. सूर्याच्या विजेचे मोल आमच्या गावात या जागरणावर मोजले जाते.

चुलीची गोष्ट निराळी. उज्ज्वला योजनेमुळे २०१६ पासून गरिबाघरी सिलिंडर आले. तरी आमच्याकडे कित्येक घरांत ते पाहुण्यांच्या चहापुरतेच पेटते. मी कारण विचारले तेव्हा एक काकू म्हणाल्या, “गॅस सरला की पैसे लागतेत. पऱ्हाट्या, तुराट्या घरच्या हैत.” धुराने डोळे चुरचुरतात हे त्यांना मी सांगण्याची गरज नव्हती. पैसा कोणाच्या हातात असतो आणि धूर कोणाच्या डोळ्यांत जातो, हे पाहिल्याशिवाय चुलीवर बोलणे व्यर्थ आहे.

संवादात खरेपणाही हवा. ढगाळ दिवशी सौरपंप मंद चालतो व रात्री मुळीच चालत नाही. पट्ट्यांवरील धूळ पुसावी लागते. वादळाची भीती असते. पाच वर्षे दुरुस्ती व विम्याची सोय असते, पण त्यानंतरचा खर्च ज्याचा त्यालाच. सर्वांत मोठी गोष्ट पाण्याची. ऊन फुकट म्हणून दिवसभर उपसा केला तर उन्हाळ्याआधीच विहीर तळ गाठील. हे तोटे लपवून पंप दिला, तर गोबरगॅसच्या टाकीशेजारी आणखी एक सांगाडा उभा राहील.

जे एकट्याला जमत नाही ते गावाने मिळून करता येते. साताऱ्याच्या पाटण तालुक्यातील मान्याची वाडी ही छोटी वस्ती २०२४ साली राज्यातील पहिले सौरग्राम ठरली. शेताच्या विजेसाठी २०१७ साली राळेगणसिद्धी येथे मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा आरंभ झाला. तिच्या २०२३ च्या दुसऱ्या टप्प्यात जमीन भाड्याने देणाऱ्यास हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये ठरले. अशा वेळी गायरान द्यायचे की नाही, मग गुरे चरायची कोठे, हा प्रश्न ग्रामसभेतच सुटला पाहिजे; आणि त्या सभेत गुराखीही हवा.

मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी सरकारी कागद वाचणारे आपणच आहोत. त्यामुळे घरचे आपल्या शब्दावर पैसे भरतात. ही जबाबदारी लहान नाही. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण सात दिवस गावात राहतो, रस्ते झाडतो, झाडे लावतो. त्याच शिबिरात प्रत्येक गटाने पाच घरांत बसून आधी विचारावे: पाणी रात्री कोण देते, सरपण कोण आणते, बिल कोण भरते? मग वहीवर हिशेब मांडावा, जवळचा चालू पंप दाखवावा, आणि तोटेही सांगावेत. सहा महिन्यांनी त्याच घरी पुन्हा जावे. गुरुजनांनी ही दुसरी फेरी शिबिराच्या कार्यक्रमातच घातली, तर पहिल्या फेरीतील बोलण्याला वजन येईल.