सैनिकाची दुसरी चाकरी

आमच्या शाळेंतील कित्येक मुलांचे वडील फौजेंत आहेत. ते कायमचे घरीं येणार म्हणून मुलें दिवस मोजीत असतात. पण फौजेंतून सुटलेल्या गृहस्थाचें वय पुष्कळदा छत्तीस-अडतीसच असतें, हें त्यांच्या ध्यानांत येत नाहीं. शिपायास १५ वर्षांच्या सेवेनें निवृत्तिवेतनाचा हक्क मिळतो खरा. परंतु घरांत शिकणारीं मुलें असतां तेवढ्यावर भागणें कठीण. याविषयीं एका उदाहरणावरून चार शब्द लिहावे असें आम्हीं योजिलें आहे.

आमचाच एक जुना विद्यार्थी तोफखान्यांतून हवालदार होऊन परतला आणि अर्ज कसा लिहावा तें विचारण्यास आमच्याकडे आला. आम्हीं त्यास पहारेकऱ्याची नोकरी सुचविली. तो क्षणभर उगा राहिला, मग म्हणाला, "सर, सतरा वर्षें पहाराच केला. आतां कागदाचें काम शिकावें म्हणतों." विद्यापीठाच्या कचेरींत लिपिक व्हावें असें त्याच्या मनांत होतें. शाळेंतील त्याच्या जुन्या गुणांवरून आम्हीं त्याची किंमत केली होती. याची आम्हांस लाज वाटली.

प्रथम वयाची शंका. केंद्र शासनाच्या नियमांत माजी सैनिकाच्या वयांतून त्याची फौजी सेवा वजा करतात, आणि उरलेलें वय मर्यादेहून तीन वर्षांपेक्षां अधिक नसलें म्हणजे झालें. छत्तीसांतून सतरा गेले, उरले एकोणीस. मर्यादा सत्तावीस असली तरी अडचण नाहीं. केंद्राच्या 'क' वर्गाच्या पदांत शेंकडा १० जागाही माजी सैनिकांसाठीं राखलेल्या असतात. राज्याचे व प्रत्येक विद्यापीठाचे नियम निराळे असूं शकतात. यास्तव जाहिरात अक्षर न् अक्षर वाचावी. टंकलेखन मात्र कोणास चुकत नाहीं. महाराष्ट्रांत अशा जागांना बहुधा मराठीची मिनिटास ३० शब्दांची किंवा इंग्रजीची ४० शब्दांची परीक्षा लागते. तोफेचा दट्ट्या ओढणाऱ्या बोटांना ती सोपी गेली नाहीं.

जागा मिळाली ती परीक्षा विभागांत. तेथें आलेला प्रत्येक कागद आवक नोंदवहींत चढतो, त्यास क्रमांक पडतो, मग तो ज्याच्या त्याच्या टेबलाकडे जातो. लिपिकानें त्यावर टिपणी लिहावयाची: मागणी काय, नियम काय, पूर्वीं असें घडलें असतां काय केलें. ती कक्षाधिकाऱ्याकडून सहायक कुलसचिवाकडे चढते आणि निर्णय घेऊन खालीं उतरते. फौजेंतील माणसास ही उतरंड परकी नाहीं. शुभवर्तमानांतील कफर्णहूमचा शताधिपती आज्ञा देणें आणि पाळणें दोन्ही जाणत होता. कचेरींत तिसरीही एक विद्या लागते, ती विनंतीची. आणि ती आमच्या हवालदारास येत नव्हती. शेजारच्या टेबलावरील कारकुनास तो हुकूम सोडी. त्याची पहिली टिपणी तीनदां लाल शाईनें भरून परत आली, तीही त्याच्याहून बारा वर्षांनीं लहान अधिकाऱ्याकडून. त्या आठवड्यांत राजीनामा लिहून तो आमच्याकडे घेऊन आला. आम्हीं उपदेश केला नाहीं. राजीनाम्यांतील शुद्धलेखनाच्या चुका तेवढ्या दाखविल्या. तो हंसला व कागद खिशांत घालून गेला.

पुढें एका मुलीची गोष्ट घडली. तिच्या पदवीपत्रांत नांवाचें एक अक्षर चुकलें होतें आणि तेवढ्यामुळें शिक्षिकेची नेमणूक अडली होती. दुरुस्तीचा अर्ज तिनें केला होता, पण तो सांपडेना. इतरांनीं नवा अर्ज करण्यास सांगितलें; त्यास आणखी पंधरवडा गेला असता. हवालदारानें आवक क्रमांक धरून, त्या दिवशीं आलेले सर्व कागद कोणकोणत्या टेबलाकडे गेले याची यादी केली आणि दोन संध्याकाळ बसून एकेक फाइल उलगडली. अर्ज दुसऱ्याच कोणाच्या प्रकरणास टांचलेला निघाला. तोफ साफ करून झाल्यावर प्रत्येक भाग मोजून ठेवण्याची संवय येथें कामास आली, असें तो म्हणाला. मुलगी मुदतींत रुजू झाली.

जे पालक लवकरच सुटणार आहेत त्यांनीं सेवापुस्तिका व शिक्षणाचे दाखले आधींच जुळवावे, नांव व जन्मतारीख सर्वत्र एकच आहे कीं नाहीं हें पाहावें, आणि गांवीं येतांच जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांत नोंद करावी. आमच्या हवालदाराची मुलगी सध्यां आठवींत आहे. रात्रीं जेवणें झालीं कीं ती मराठी वाचनमालेंतील धडा मोठ्यानें वाचते व वडील तो टंकीत जातात. परवां तिनें तक्रार केली कीं, बाबा आतां तिच्या वाचण्यापुढें जाऊं लागले आहेत.