कधी ते विचारू नका, कशाच्या आधी ते विचारा

मी नाशिकला एका सीएंच्या ऑफिसात काम करते. दिवसभर दुसऱ्यांच्या तारखा तपासणं हेच काम. बिल मार्चचं आणि नोंद एप्रिलची, असं काही दिसलं की माझं बोट बरोबर तिथं थांबतं. पण आम्ही सिडकोतलं घर कधी सोडलं, बाबांची अँजिओप्लास्टी होऊन किती वर्षं झाली, मी पहिल्या नोकरीत नक्की किती काळ होते, हे विचारलंत तर मी गप्प. लॉकडाउननंतर, तिशी उलटल्यावर, मला ऑटिझम असल्याचं निदान झालं. या गप्प होण्याबद्दल तेव्हापासून जे उमगत गेलं, ते लिहिते. सगळ्याच ऑटिस्टिक माणसांचं असं नसतं. काहींना पाचवीची सहल वार-तारखेसकट आठवते. मला त्यांचा हेवा वाटतो.

१. घडलेलं आठवणं वेगळं आणि कधी घडलं ते आठवणं वेगळं.

सिडकोतल्या घराचं मला सगळं आठवतं. मोरीतल्या नळाला बांधलेली चिंधी, जिन्याच्या पायरीचा उडालेला टवका, शेजारच्या काकूंच्या कुकरची शिट्टी आमच्या कुकरपेक्षा जाड वाजायची तेसुद्धा. पण ते घर सोडलं तेव्हा मी सहावीत होते की नववीत? मला दोन्ही सारखंच खरं वाटतं. ऑफिसच्या भाषेत सांगायचं तर व्हाउचर सगळी फाइलला लागलेली आहेत, रकमाही बरोबर आहेत, तारखेची जागा तेवढी रिकामी. घरच्यांना वाटायचं, हिचं कशात लक्षच नसतं. माझं लक्ष होतं, पण ते चिंधीवर होतं.

२. पाठांतरावरून स्मरणशक्ती जोखू नये.

लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांचं वर्णन करून ऑटिझम वैद्यकाच्या नकाशावर आणला. त्यातल्या पहिल्या मुलाला, डोनाल्डला, अगदी लहान वयात धर्मशिक्षणाची २५ प्रश्नोत्तरं तोंडपाठ होती. अफाट पाठांतराची ती ख्याती तेव्हापासून आम्हाला चिकटली आहे. १९८८ च्या ‘रेन मॅन’ सिनेमानं तर ती घरोघरी नेली. त्यातल्या पात्रामागची मुख्य प्रेरणा होते किम पीक. त्यांना हजारो पुस्तकं पाठ होती, पण त्यांच्या मेंदूच्या दोन भागांना जोडणारा पट्टाच जन्मापासून नव्हता. ते प्रकरणच निराळं होतं. तरी माझं निदान ऐकून एका नातेवाइकांनी विचारलंच, “मग सांग बरं, १५ ऑगस्ट १९४७ ला वार कुठला होता?” शुक्रवार होता. मला ते माहीत होतं, आणि तिथंच घोळ झाला; त्यांचा समज पक्का झाला.

एंडेल टुल्व्हिंग या मानसशास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये दोन प्रकारच्या स्मृती वेगळ्या काढून दाखवल्या. एक माहितीची; दुसरी आपल्यावर गुजरलेल्या प्रसंगांची, त्यांच्या स्थळकाळासकट. ऑटिस्टिक प्रौढांवरच्या अभ्यासांत पहिली बऱ्यापैकी शाबूत आणि दुसरी अडखळणारी, असं पुष्कळदा आढळलं आहे. पंचवटी एक्सप्रेसनं मी काही काळ मुंबईला जा-ये करायचे. गाडी देवळालीला किती वाजता, इगतपुरीला किती वाजता, कल्याणला किती मिनिटं लेट असायची, सगळं आजही सांगते. हा ‘काही काळ’ म्हणजे किती, ते मात्र जुना पास सापडला तर सांगता येईल.

३. मोकळ्या प्रश्नापुढे मी उभी राहू शकत नाही.

“मागच्या काही वर्षांतला एखादा कठीण प्रसंग सांगा” हा मुलाखतीतला लाडका प्रश्न. विचारणाऱ्याला वाटतं, आपण मोकळीक दिली. मला सगळे प्रसंग एकाच वेळी एकाच अंतरावर दिसतात, म्हणजे एकही दिसत नाही. लंडनच्या सिटी युनिव्हर्सिटीतले डर्मॉट बॉलर आणि त्यांचे सहकारी यांनी यावर बरंच काम केलं आहे. त्यांच्या मांडणीचं सार असं, की विचारतानाच थोडा आधार दिला, एखादी खूण पुढे ठेवली, तर ऑटिस्टिक माणसाच्या आणि इतरांच्या आठवण्यातला फरक बराच कमी होतो. हे वाचलं तेव्हा इतकं हलकं वाटलं की मी ते पान प्रिंट काढून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं.

आमच्या सरांना हे न वाचताच जमतं. “तो औषधवाल्यांचा घोळ कधीचा गं?” असं ते विचारत नाहीत. “तेव्हा टॅलीत व्हॅट होता की जीएसटी?” असं विचारतात. व्हॅट होता, मी लगेच सांगते. म्हणजे जुलै २०१७ च्या आधीचा. बाकीचं तेच काढतात.

४. आजीकडे तारखा नव्हत्या आणि तिचं काही अडलं नाही.

माझी आजी पंचवटीतली. शाळा दुसरीपर्यंत. तिच्या आयुष्यात सनावळी नव्हती, पण क्रम पक्का होता. गोदावरीला १९६९ चा महापूर आला तेव्हा माझी आई पाळण्यात. बहात्तरच्या दुष्काळात आजोबा रोजगार हमीच्या कामावर मुकादम. माझा जन्म सिंहस्थाच्या आधीचा. मी वर्षाची होऊन गेले होते आणि रामकुंडावर साधूंची गर्दी होती. नाशिकला सिंहस्थ १२ वर्षांनी येतो, त्यामुळे आजीला मोठ्या मापाची मोजपट्टी आयतीच मिळालेली: १९९१, २००३, २०१५. दोन सिंहस्थांमधल्या जागेत पूर. पुरालाही तिचं माप होतं. रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागलं तो साधा पूर, गळ्याशी आलं तो लक्षात ठेवायचा. २००८ चा तिनं लक्षात ठेवला होता.

अशा खुणांनी आठवण नेमकी होते, हे प्रयोगांतही दिसलेलं आहे. सगळ्याच माणसांना जुने प्रसंग असतात त्यापेक्षा अलीकडचे वाटतात. अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस आणि वेस्ली मारबर्गर यांनी १९८३ मध्ये छापलेल्या अभ्यासात ‘गेल्या सहा महिन्यांत’ असं विचारण्याऐवजी ‘सेंट हेलेन्स ज्वालामुखीच्या स्फोटानंतर’ असं विचारून पाहिलं. उत्तरं जास्त नेमकी आली. आपल्याकडे गावोगाव पोषणाची पाहणी करणारेसुद्धा बाळाचं वय काढताना आईला पोळा, दिवाळी, पेरणी यांच्या आधी की नंतर, असंच विचारतात.

माझ्या निदानाच्या वेळी हेच कामी आलं. प्रौढ माणसाचं निदान करायचं तर लहानपण उकरावं लागतं. मानसशास्त्रज्ञ मॅडमनी आईला विचारलं, ही चालायला कधी लागली, पहिला शब्द कधी, पहिलं वाक्य कधी. आई गांगरली. तिला वाटलं, आपली परीक्षा चालू आहे. मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, “घरातलं एखादं कार्य आठवा ना, ही तेव्हा काय करत होती?” आईचा चेहराच बदलला. “धाकट्या भावाच्या लग्नात ही मांडवभर चालत होती. पण हाक मारली तर बघायची नाही. सनईवाल्यापुढे बसून राहिली होती, जेवायला उठवलं तर किंचाळली. बोलत नव्हती अजून.” मामाच्या लग्नाची पत्रिका आईनं देव्हाऱ्याच्या फळीवर जपलेली. तारीख मिळाली, माझं वय मिळालं. पुढचा सगळा तक्ता त्याच रीतीनं भरला गेला: मुंज, बारसं, आत्याचं डोहाळजेवण. घरी येताना रिक्षात आई म्हणाली, “अशा बाई शाळेत असत्या तर मी गणितात पास झाले असते.”

५. तारीख डोक्यात ठेवायची वस्तूच नाही. ती कागदावर शोधावी.

आमच्याकडे जुनी कालनिर्णयं टाकत नाहीत. आई चौकटीत बारीक अक्षरात लिहिते: ‘गॅस लावला’, ‘दूध नाही’, ‘बाबा डॉक्टर’, ‘वहिनी आल्या’. कुणाला वाचून दाखवावं असं त्यात काही नाही, पण माझ्या आयुष्याच्या निम्म्या तारखा मला या चौकटींतून परत मिळाल्या.

जिथं चौकट रिकामी असते तिथं प्रसंगातच पुरावा हुडकावा लागतो. बाबांच्या अँजिओप्लास्टीचं असंच. फाइल एका नव्या डॉक्टरांकडे दिली ती परत आलीच नाही, आणि विम्याच्या फॉर्मवर महिना-वर्ष हवं होतं. मी डोळे मिटून बिलाचा काउंटर आठवला. मामा कापडी पिशवी घेऊन आला होता. पिशवीत शंभराच्या नोटा, त्यातल्या अर्ध्याअधिक दूधवाल्याकडून आणि किराणावाल्याकडून गोळा केलेल्या, चुरगळलेल्या, एकीला हळदीचा डाग. काउंटरवरची मुलगी एकेक नोट तळहातानं सरळ करून मोजत होती आणि मागची रांग चुळबुळत होती. शंभराच्याच नोटा का? पाचशेच्या चालत नव्हत्या म्हणून. म्हणजे ८ नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीनंतरचं. आणि मामाच्या अंगात स्वेटर होता. नोव्हेंबरअखेर किंवा डिसेंबर. त्या वर्षीचं कालनिर्णय काढलं, तर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात चार दिवस गॅस, दूध, काहीच नोंद नाही. आई हॉस्पिटलात होती. बँकेच्या पासबुकानं पुढे ते पक्कं केलं.

मोबाइलमधल्या फोटोंवर मात्र आंधळा विश्वास नको. व्हॉट्सॲपवर आलेला फोटो आला त्या दिवसाची तारीख दाखवतो, काढला त्या दिवसाची नाही.

६. डॉक्टरकडे जाताना चिठ्ठी न्यावी.

“कधीपासून दुखतंय?” याला “खूप दिवस” हे उत्तर डॉक्टरांच्या उपयोगाचं नाही. मी दुखायला लागलं त्या दिवशीच लिहून ठेवते. एवढंच.

७. तारीख विसरणं म्हणजे माणूस विसरणं नव्हे, हे ज्याचं त्याला एकदा सांगून टाकावं.

वहिनीनं एकदा विचारलं, “आमच्या लग्नाला किती वर्षं झाली सांग.” मी थांबले. तिचा चेहरा पडला. नणंदेला आपलं काही पडलेलं नाही, असा त्याचा अर्थ तिनं लावला आणि तो बरेच दिवस घरात फिरत राहिला. आपल्याकडे वाढदिवस, तिथ्या, पहिला सण यांवर माया मोजतात. त्याला माझा आक्षेप नाही, पण त्या मापानं मी कायम उणी भरणार. शेवटी मी तिला म्हटलं, “वर्ष नको विचारू. लग्नातलं काहीही विचार.” मग मी तिला सांगितलं, की सप्तपदीच्या वेळी तिच्या डाव्या पायातलं जोडवं सैल झालं होतं आणि ती प्रत्येक पावलाला अंगठा आत दाबत होती. हे तिनं कुणालाच सांगितलेलं नव्हतं. आता तीच वाढदिवसाच्या आदल्या दिवशी मला मेसेज करते, “उद्या माझा आहे हं.” काहींना हे फार कोरडं वाटतं. आम्हा दोघींना सोयीचं वाटतं.

८. तारीख नसलेला अपमान जुना होत नाही.

याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. सुखाच्या आठवणीला तारीख नसली तर बिघडत नाही. ती कधीही आली तरी चालते. पण कुणी टाकून बोललेलं असतं, ते भांडी घासताना अचानक येतं आणि सकाळीच घडल्यासारखं लागतं. लोक म्हणतात, इतकी वर्षं झाली, सोड आता. माझ्याकडे ‘इतकी वर्षं’ नसतात. सोडायला आधी ती मोजून मिळायला हवीत.

शाळेतल्या एका बाईंनी सगळ्या वर्गासमोर विचारलं होतं, “तू मुद्दाम अशी वागतेस का गं?” मी फळ्यावरच्या खडूच्या रेघेकडे बघत राहिले होते, उत्तर दिलं नव्हतं. ते वाक्य माझ्याबरोबर किती काळ फिरलं कुणास ठाऊक. शेवटी मी ते ऑफिसचं काम असल्यासारखं तपासायला घेतलं. बाईंच्या टेबलावर सिंहस्थाच्या बंदोबस्तामुळे बदललेल्या शाळेच्या वेळांची सूचना होती. म्हणजे २००३. मी तेरा वर्षांची. बाई तेव्हा नुकत्या लागलेल्या, लग्न व्हायचं होतं, साडीच्या निऱ्या सारख्या सावरायच्या. पंचविशीच्या असतील. आमच्या ऑफिसात आर्टिकलशिपला येणारी मुलं साधारण त्याच वयाची असतात, आणि मार्चअखेरीला तीही असंच काहीबाही बोलून जातात.

वाक्य अजून येतं, पण आता मला त्याचं साल माहीत आहे.