खोडातील वाहक ऊतके

सपुष्प वनस्पतीची पाने अन्न तयार करतात व मुळे जमिनीतून पाणी शोषून घेतात. या दोहोंतील देवघेव खोडातून चालते. विशिष्ट कार्य करणाऱ्या पेशींच्या समूहास ऊतक म्हणतात. प्रकाष्ठ या ऊतकातून पाणी व क्षार वर चढतात; परिकाष्ठातून पानांतील शर्करा मुळांकडे व फळांकडे जाते.

आंब्यासारख्या द्विदल वृक्षाचे लाकूड म्हणजे प्रकाष्ठ होय. त्याभोवती ऊतककर नावाचा पातळ थर असतो. त्याच्या पेशी विभागून आतील बाजूस नवे प्रकाष्ठ व बाहेरील बाजूस नवे परिकाष्ठ निर्माण होते. म्हणून खोड वर्षानुवर्षे जाड होते. परिकाष्ठ सालीत असते. खोडाभोवतीची साल कड्याप्रमाणे काढली, तरी लाकडातून पाणी चढत राहते व पाने काही काळ हिरवी दिसतात. परंतु मुळांची उपासमार होऊन वृक्ष अखेर मरतो. इटालियन शास्त्रज्ञ मार्चेल्लो माल्पिगी (१६२८–१६९४) याने अशी साल काढून पाहिली, तेव्हा कड्याच्या वरचा भाग फुगलेला त्यास आढळला. वरून येणारे अन्न तेथेच अडले होते.

नारळ एकदल आहे. त्याचे वाहक वृंद खोडभर विखुरलेले असतात आणि ऊतककर नसतो. म्हणून चढण्यासाठी त्याच्या खोडात पाडलेल्या खाचा कधीच भरून येत नाहीत. द्विदल वृक्षाची लहान जखम ऊतककराच्या साहाय्याने भरून येते. मात्र खोडाभोवती आवळलेली तार वेळीच काढली पाहिजे. खोड जाड होऊ लागले की तीच तार सालीतील अन्नमार्ग दाबून टाकते.