मोती हौसेचा, सोने अडीअडचणीचे

बीड जिल्ह्यात दागिन्याकडून एकाच वेळी दोन कामांची अपेक्षा असते. लग्नकार्यात तो अंगावर शोभला पाहिजे, आणि पाऊस हुकला किंवा दवाखान्याचा खर्च निघाला की तोच गहाण पडून पैसा उभा राहिला पाहिजे. पतसंस्था आणि मल्टिस्टेट सहकारी सोसायट्यांमध्ये ठेवी अडकल्याचा ताजा अनुभव ज्या जिल्ह्याला आहे, तिथे घरातल्या चार तोळ्यांचा आधार वाटणे साहजिक आहे. ही दोन्ही कामे सोने करते; मोती त्यातले एकच करतो. नथ, तन्मणी, चिंचपेटी, कुडी, किंवा अलीकडे मोबाइलवर दिसणारे शंख-शिंपल्यांच्या आणि लाटांच्या घाटाचे हाताने घडवलेले दागिने घेताना हा फरक विसरला की नुकसान ठरलेले, असे माझे ठाम मत आहे. मोती घेऊ नका असे माझे म्हणणे नाही. ऊसतोडीच्या उचलीतून किंवा कापसाच्या पट्टीतून बाजूला काढलेला पैसा, तो सोन्यासारखाच राहील या समजुतीने मोत्यात घालू नका, एवढेच कळकळीने सांगायचे आहे.

याचा पुरावा शोधायला लांब जायला नको. सोनेतारण कर्ज देताना बँकेचा मूल्यांकन करणारा सराफ दागिन्याचे एकूण वजन घेतो आणि त्यातून मोती, खडे, लाख, दोरा यांचे वजन वजा करतो. कर्ज मिळते ते उरलेल्या निव्वळ सोन्यावर. समजा, एखादा तन्मणी एकूण वीस ग्रॅमचा आहे आणि त्यात सोने सहाच ग्रॅम आहे, तर बँकेच्या लेखी तो सहा ग्रॅमचा दागिना. मोडीत घालायला गेलात तरी हाच हिशेब लागतो, आणि घडणावळ तर कुठेच परत मिळत नाही. हॉलमार्कचा शिक्का पाहून निर्धास्त होणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावे: तो शिक्का आणि त्याबरोबरचा सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी सोन्याच्या शुद्धतेची हमी देतात. शेजारचा मोती खरा की काचेचा, याबद्दल ते अवाक्षरही काढत नाहीत.

आपल्याकडे मोत्याबद्दलचा विश्वास हैदराबादच्या नावावर उभा आहे. 1948 पर्यंत बीड निजामाच्या राज्यात होते, त्यामुळे मोती हैदराबादचाच हे घराघरांत मुरलेले आहे. पण हैदराबादला समुद्र नाही. त्या शहराची कीर्ती दरबारी आश्रयाची, व्यापाराची आणि मोती विंधण्या-ओवण्याच्या कसबाची. ज्याला बसरा मोती म्हणतात तो इराणच्या आखातातला; मुंबई ही त्याची फार मोठी पेठ होती. जपानमध्ये मिकिमोतो यांनी 1893 मध्ये शिंपल्यात अर्धगोल मोती तयार करून दाखवला, पुढे गोल संवर्धित मोती बाजारात आले, त्यात जागतिक मंदीची भर पडली आणि 1930 च्या दशकात आखातातला मोत्यांचा धंदा कोसळला. आज बाजारातले गोड्या पाण्यातले मोती बहुतांशी चीनमधल्या तळ्यांतून येतात. म्हणजे समुद्राच्या घाटाच्या दागिन्यात समुद्र पुष्कळदा नक्षीतच असतो, मोती तळ्याचा असतो. त्यात कमीपणा मुळीच नाही, तोही शिंपल्यातच वाढलेला खरा मोती आहे. मात्र त्याला 'बसरा' म्हणून दाम घेणे ही फसवणूक आहे.

यावर कोणी म्हणेल, निजामाच्या मोत्यांना किंमत आलीच ना? आली. भारत सरकारने 1995 मध्ये निजामाचे 173 अलंकार 218 कोटी रुपयांना घेतले आणि त्यांत बसरा मोत्यांचा सातलडा हार आहे. पण ती किंमत नैसर्गिक मोत्यांची आणि त्यामागच्या इतिहासाची आहे. नैसर्गिक मोतीही दर वेळी तारत नाही. 1917 मध्ये कार्तिये या पेढीने न्यूयॉर्कमधली आपली आजची इमारत दहा लाख डॉलरच्या दुपदरी मोत्यांच्या हाराच्या बदल्यात मिळवली. तोच हार 1957 मध्ये लिलावात सुमारे दीड लाख डॉलरला गेला. त्या इमारतीत मात्र आजही कार्तियेचे दुकान आहे. तुमच्या घरी आजीच्या वेळची नथ असेल तर तिचे मोती नैसर्गिक असूही शकतील. ते मोडीत घालण्याआधी मुंबई किंवा जयपूरच्या रत्नपरीक्षण प्रयोगशाळेत क्ष-किरण तपासणी करून घ्यावी. दातावर घासल्यावर खरखरीत लागला की खरा, ही परीक्षा गुळगुळीत काच किंवा प्लास्टिक ओळखण्यापुरती ठीक. नैसर्गिक आणि संवर्धित यांतला भेद दाताला कळत नाही. भोकाच्या कडेला भिंगातून पाहणे अधिक उपयोगी, कारण नकली मोत्याचा मुलामा तिथेच आधी सुटतो.

दुसरा आक्षेप मला जास्त मोलाचा वाटतो: सगळेच मोडीच्या भावाने मोजायचे, तर हाताने घडवणाऱ्या कारागिराचे काय? त्याला त्याचे दाम मिळालेच पाहिजेत, आणि आनंदाने द्यावेत. म्हणूनच बिलात सोन्याचे निव्वळ वजन व कॅरेट, मोत्याचा प्रकार (नैसर्गिक, संवर्धित की नकली, खाऱ्या पाण्याचा की गोड्या), मोत्याची किंमत आणि घडणावळ या गोष्टी वेगवेगळ्या लिहून घ्याव्यात. मोती सोन्याच्या भावात तोलला जात असेल तर तिथून उठावे. सगळी रक्कम एका ओळीत लिहिली, तर कारागिराचा वाटा किती आणि मोत्याच्या नावाखाली किती गेले, हे त्यालाही कळत नाही आणि आपल्यालाही. शेततळ्यात मोती पिकवा, आम्ही ठरल्या भावाने विकत घेऊ, असे सांगणाऱ्यांबाबतही हीच सावधगिरी हवी. भुवनेश्वरच्या केंद्रीय संस्थेत गोड्या पाण्यातल्या मोतीसंवर्धनाचे रीतसर प्रशिक्षण मिळते, ते आधी घ्यावे. मोत्याचा भाव आकार, गोलाई आणि तेज पाहून ठरतो, आणि हे तिन्ही शिंपला उघडेपर्यंत कुणाच्या हाती नसतात.

घेतलेला मोती जपायचा कसा, हेही सोन्यापेक्षा निराळे. मोती मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे आम्लाने झिजणारा. सोने उजळायला चिंच किंवा लिंबू लावायची रीत मोत्याच्या दागिन्याला लावली की त्याचे पाणी जाते. अत्तर, केसांचा फवारा, घाम यांनीही तो निस्तेज होतो. म्हणून नथ शृंगार आटोपल्यावर शेवटी घालावी आणि उतरवल्यावर ओलसर मऊ फडक्याने पुसावी. दुरुस्तीला देताना डाक देण्याआधी मोती काढून घ्यायला सोनाराला बजावावे, कारण मोत्याला आच सोसत नाही. सर नेहमीच्या वापरातला असेल तर दोरा सैल पडू लागताच पटवेकऱ्याकडून पुन्हा गाठवून घ्यावा, आणि दोन मोत्यांमध्ये गाठ मारायला सांगावी. म्हणजे लग्नाच्या गर्दीत दोरा तुटला तरी एखादाच मोती निसटतो.