तरुण डॉक्टर आणि नेतृत्वाची भाषा

वैद्यकीय पदवी व आंतरवासिता पूर्ण करून पंचविशीतील तरुण प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी म्हणून रुजू होतो. मैदानी भागात साधारणतः ३० हजार, तर डोंगरी व आदिवासी भागात २० हजार लोकसंख्येमागे असे एक केंद्र असते. आरोग्यसेविका, औषधनिर्माता, परिचर अशा अनेकांचा तो एकाएकी प्रमुख ठरतो. रोगनिदान तो शिकलेला असतो. माणसे बरोबर घेऊन चालण्याचे शिक्षण मात्र बहुधा येथेच सुरू होते.

हुकूम की संवाद?

नेतृत्व म्हणजे हुकूम सोडणे, असा समज आरंभी होणे स्वाभाविक आहे. परंतु त्याची किंमत रुग्णाला मोजावी लागते. समजा, उपकेंद्रातील आरोग्यसेविकेला गरोदर मातेचा रक्तदाब १४०/९० आढळला. पूर्वी एकदा चारचौघांत “एवढेही कळत नाही काय?” असे ऐकावे लागले असेल, तर ती आपली शंका डॉक्टरांपुढे मांडण्यास कचरेल. न बोललेली ही शंका मातेच्या जिवावर बेतू शकते.

म्हणून सूचना थोडक्यात व कारणासह द्यावी, ऐकणाऱ्याकडून ती पुन्हा वदवून घ्यावी, चूक एकांतात दाखवावी आणि शंका विचारणाऱ्यास उत्तेजन द्यावे. “मला खात्री नाही, वरिष्ठांना विचारतो,” असे म्हणण्यात कमीपणा नाही. प्रमुखच असे बोलू लागला की सहकाऱ्यांनाही धीर येतो.

डॉक्टर म्हणजे कोण?

या प्रश्नाचे एक उत्तर जामखेडने दिले. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तेथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. अल्पशिक्षित वा निरक्षर ग्रामीण स्त्रियांना त्यांनी आरोग्यशिक्षण दिले. आपले ज्ञान इतरांच्या हाती सोपविल्याने डॉक्टरचे महत्त्व घटत नाही; उलट त्याचे कार्य घरोघर पोहोचते, हा त्यातील धडा होय.

२०१९ पासून वैद्यकीय पदवी अभ्यासक्रमात वृत्ती, नीतिमूल्ये व संवाद यांच्या शिक्षणास निश्चित स्थान मिळाले आहे. वर्गातील हा पाठ पक्का होतो तो मात्र केंद्राच्या ओसरीवर. तेव्हा नव्या डॉक्टरांना ग्रामसभेत बोलवावे, त्यांचे ऐकावे आणि गावाचे गाऱ्हाणेही त्यांच्यापुढे आदराने मांडावे. चांगला डॉक्टर घडविण्यात गावाचाही वाटा असतो.